एक वाजताची हाक

बरं झालं दार उघडलंत, अर्पिता. नाव चुकत नाहीये ना? सोसायटीच्या ग्रुपवर वाचलेलं आहे, चेहरा आज बघतेय. तीन वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो आपण आणि भेट झाली ती लाइट गेली म्हणून. तो दिवा मध्ये ठेवा. लाइट येईपर्यंत बसते आणि एक गोष्ट सांगते. कुणाला तरी सांगायचीच होती. मात्र घाई करू नका, आमच्याकडे जे झालं ते सगळं घाईनं झालं.

काम तसं फुटकळ होतं. आष्टीला जायचं, आईच्या घरातला कॅमेरा काढायचा, कुलूप लावायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत निघायचं. आष्टी म्हणजे जालना जिल्ह्यातलं, परतूर तालुक्यातलं आमचं गाव. पिशवीत एक पेचकस, पाण्याची बाटली आणि दोन दशम्या घेतल्या होत्या. परतूर स्टेशनवर उतरून जीपमध्ये बसले. शेजारी एक बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती आणि वाटभर त्या कोंबडीलाच सुनेची गाऱ्हाणी सांगत होती. मला हसू आलं. आईला जाऊन महिना झाला होता. त्यानंतर मी हसले असेन तर मला आठवत नाही.

आई म्हणजे आसराबाई. माझे वडील, आबाराव, मेंढरं राखायचे. लग्नानंतरची पंधरा वर्षं आईनं त्यांच्याबरोबर परक्या रानात काढली. आज या शेतात मेंढरं बसवायची, उद्या त्या शेतात. रात्री कळपाशेजारी घोंगडी अंथरायची आणि आभाळाखाली झोपायचं. त्या दिवसांतला एक नियम तिनं मला बोलायला लागल्यापासून शिकवला होता.

“रानात हाका येतात, अंजू. एका हाकेला ओ द्यायची न्हाई. दोन हाकांलाबी न्हाई. जे आपलं न्हाई ते दोनदा हाक मारून दमतं. आपलं माणूस तिसऱ्यांदा मारल्याबिगर राहत न्हाई.”

वडील गेले, मेंढरं विकली, गावात दोन खोल्यांचं सिमेंटचं घर झालं. नियम तसाच राहिला. मी शाळेतून आले की दारातून तीनदा ओरडायचे, “आई… आई… ए आई!” आणि तिसरीला आतून “ओ” यायची. पहिल्या दोन तिनं ऐकलेल्या असायच्या. चुलीपाशी कान देऊन बसलेली असायची आणि तिसरी आली की हसत उठायची.

पुढं शिक्षण, नोकरी, पुणं. लग्न झालं, मोडलं, ते इथं नको. आठव्या मजल्यावरचा फ्लॅट आणि मी. माझं सगळं घर मोबाईलच्या तालावर चालतं, तुमचंही चालत असेल. दूध मोबाईलवर, भाजी मोबाईलवर, फाटकावर कोण आलंय ते मोबाईलवर. ज्या गल्लीत कुणाच्या घरात काय फोडणीला पडलं ते नाकाला कळायचं तिथली पोर मी, पण वर्षभरात अशी सरावले की वॉचमनचा चेहराही बघेनाशी झाले.

दोन वर्षांपूर्वी आईला इथं आणलं होतं. पंधरा दिवस राहिली. एकदा माझं पार्सल आलं. माणसानं बेल दोनदा वाजवली आणि परत गेला. आई आत बसलेली. संध्याकाळी मी चिडले, तर म्हणाली, “दोनदाच वाजवली त्यानं. तिसऱ्यांदा वाजवली असती तर उठले असते की.” दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे मी रंगवून सांगितलं, सगळे पोट धरून हसले. म्हणजे मला ठाऊक होतं. एवढं लक्षात ठेवा, मला सगळं ठाऊक होतं.

पंधराव्या दिवशी तिनं गाठोडं बांधलं. “इथं माणूस माणसाला हाक मारत न्हाई,” म्हणाली. “माझा जीव घुसमटून राह्यला.” मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही जरा मोकळं वाटलं.

गावी गेल्यावर तिला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. दुपारच्या जेवणानंतर रोज एक, चुकवायची नाही असं डॉक्टरनं बजावलेलं. आई विसरायची. मग मी कॅमेरा आणला. लिंबाएवढा, पांढरा, सिमवर चालणारा. इथून बोललं की तिथं आवाज येतो, तिथलं इथं दिसतं. बाहेरच्या खोलीत फळीवर बसवला आणि त्याच्याच खाली गोळ्यांचा डबा ठेवला. रोज एक वाजता जेवणाच्या सुट्टीत मी तीन हाका मारायचे. तिसरीला ती “ओ” म्हणत यायची, गोळी गिळायची आणि लहान पोरासारखी जीभ बाहेर काढून कॅमेऱ्याला दाखवायची. मग आम्ही दोन मिनिटं बोलायचो. आमचा दिवस तेवढाच होता, आणि तो बरा चालला होता.

जानेवारीत मला बढती मिळाली. एकच्या सुट्टीत मीटिंगा व्हायला लागल्या. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये एक सोय होती, आपला आवाज एकदा भरून ठेवायचा, रोज ठरल्या वेळी तो आपोआप वाजतो. त्याच वेळचं एक मिनिटभराचं चित्रण साठवलं जातं, आणि खोलीत कुणी हललं तर आपल्या मोबाईलवर हिरवी खूण येते, “हालचाल दिसली”. मी आवाज भरला. “आई, गोळी घे गं.” एकदाच. तीनदा कशाला भरायचं, यंत्रच तर आहे.

आणि आईला सांगितलं नाही. तिला वाटेल, लेकीनं आपल्याला यंत्राच्या हवाली केलं. त्यापेक्षा मीच बोलतेय असं समजू दे, हा माझा शहाणपणा. रोज एक वाजून एक मिनिटानं मोबाईल थरथरायचा, हिरवी खूण. मी निवांत जेवायला जायचे. चित्रण उघडून बघितलं नाही. हिरवी खूण असताना बघायचं कशाला?

एप्रिलच्या शेवटी आई गेली. अर्धांगाचा झटका. मी पोचले तेव्हा बायकांनी तिला न्हाऊ घातलेलं होतं.

दहावा झाला, तेरावा झाला, मी पुण्याला आले. तो आवाज बंद करायचा तर ॲपमध्ये बोट लावायचं होतं फक्त. होईना. “संदेश पुसायचा का?” असं ते विचारायचं आणि माझं बोट मागं यायचं. बंद घरात रोज एक वाजता माझा आवाज वाजत राहिला आणि मला तांबडी फुली येत राहिली, “हालचाल नाही”. मग एका दुपारी हिरवी खूण आली. मांजर शिरलं असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशीही आली. तेव्हा ठरवलं की जाऊन कॅमेराच काढून आणायचा.

किल्ली समोरच्या लाडबाईंकडे होती. त्यांचं घर मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या आष्टीत. नवरा, अमरचंद, जाऊन दहा वर्षं झाली. किराण्याचं दुकान आता मुलगा बघतो आणि लाडकाकू ओट्यावर बसून गल्ली बघतात. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, तांब्या पुढं केला.

“पाणी पी आधी, बेटा. किल्ली कुठं पळून न्हाई राह्यली.” मग पदराचं टोक चाचपत म्हणाल्या, “तुला दहाव्यालाच सांगणार होते. पण तुझे हाल बघवत न्हवते.”

“काय सांगायचं होतं, काकू?”

“तुझी माय रोज दुपारी इथं येऊन बसायची. बराबर एकला. चपला हातात घेऊन, तापल्या रस्त्यावरून अनवाणी पळत यायची. चपला घालायलाबी थांबत न्हवती.”

“कशाला?”

“भ्यायची गं.” त्यांनी आवाज खाली आणला. “म्हणायची, लाडबाई, घरात कोणतरी अंजूचा आवाज काढून राह्यलं. एकदाच बोलतं. मी ओ दिली तर पुढं बोलत न्हाई. मी उलटून तीन हाका मारल्या तर बिलकुल गप बसतं. माझी अंजू एकदा हाक मारून कधी गप बसली न्हाई…”

मी तांब्या खाली ठेवला. “आणि गोळी?”

“म्हणायची, त्यानं घे म्हटलेली गोळी मी कशी घेऊ? काय असंल काय न्हाई त्या डब्यात. हातच लावत न्हवती.”

“पण मला का नाही सांगितलं तिनं?”

“इचारलं की तुला. फोनवर.” लाडकाकूंनी माझ्याकडं नीट बघितलं. “दुपारी तूच असती का, म्हणून. तू म्हटली, मीच हाये. त्या दिवशी तर रडतच आल्ती. म्हणे, लाडबाई, आता ते फोनमधीबी शिरलं.”

आठवलं मला. फेब्रुवारीतली संध्याकाळ, मी लिफ्टमध्ये होते. “मीच आहे गं, दुसरं कोण असणार,” असं म्हणून फोन ठेवला होता. त्यानंतर ती फोनवर हां, बरं, एवढंच बोलायची. मला वाटलं, रेंज नाही.

कुलूप काढून आत गेले. बारा वाजून गेले होते. बंद घराचा कोंदट वास आणि त्यात तिच्या घोंगडीचा, लोकरीचा. डबा फळीवर होता. उघडला. जानेवारीत आणून दिलेल्या गोळ्यांची पाकिटं तशीच, एकाही गोळीचा कागद फुटलेला नव्हता.

खाटेवर बसले आणि मोबाईलमध्ये साठवलेली चित्रणं पहिल्यांदा उघडली.

पहिल्या दिवशीचं. माझा आवाज वाजतो. आई आतल्या खोलीतून दारात येऊन थांबते, हसू आवरत. दुसऱ्या हाकेची वाट बघतेय. ती येत नाही. तिचं हसू हळूहळू मावळतं. “ओ,” म्हणते. थांबते. मग कॅमेऱ्याजवळ येते, तोंड वर करते आणि हाक मारते. “अंजू… अंजू… ए अंजू…” मिनिट संपतं.

असे कितीतरी दिवस. रोज तीन हाका, न चुकता. मार्चपासून हाका बंद होतात. आवाज वाजला की ती चपला उचलते आणि कॅमेऱ्यासमोरून, भिंतीला अंग चोरत, धावत बाहेर जाते. ती हिरवी खूण त्याची होती. आई घर सोडून पळतेय याची खूण बघून मी रोज जेवायला गेले होते.

शेवटचं चित्रण उघडायचं नव्हतं. उघडलं.

आई जमिनीवर पडलेली. तोंड वाकडं झालेलं. एक हात हलतोय, फरशीवर काहीतरी शोधल्यासारखा. माझा गोड, ताजा आवाज येतो, “आई, गोळी घे गं.” तिचे डोळे कॅमेऱ्याकडं वळतात. तिला पळता येत नाही. ती बघत राहते, आणि मग तुटक, जड जिभेनं म्हणते, “ओ…” पहिल्याच हाकेला. ज्या आवाजाला भिऊन पळायची, त्यालाच. हात तेवढा हलत राहतो. त्या दिवशीही मला हिरवी खूण आली होती. त्या दिवशी जेवणात राजमा होता, तेही आठवतं मला.

घड्याळ बघितलं तर एकला दहा मिनिटं कमी. उठले, पेचकसानं कॅमेरा काढला, वायर उपटली. त्याला बॅटरी नसते, वायर निघाली की तो मेला. ॲपही मोबाईलमधून पुसून टाकलं. कॅमेरा वायरीत गुंडाळून पिशवीत टाकला आणि पिशवी दाराजवळ ठेवली.

बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं. मी घोंगडीची घडी करत होते, तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला.

“अंजू…”

आईचा. स्पष्ट, जड जिभेचा नव्हे, पूर्वीचा. आतल्या खोलीला दुसरं दार नाही, आणि मी मघाशी आत जाऊन आले होते.

“अंजू…”

मी तोंडावर घोंगडी दाबून धरली. लोकर तोंडात गेली. दोन झाल्या होत्या. तिनंच शिकवलं होतं, जे आपलं नाही ते इथं दमतं. मी वाट बघत होते. आता गप होईल म्हणून जीव मुठीत धरला होता, आणि खरं सांगते अर्पिता, तिसरी यावी म्हणून त्याच जिवानं देवाला हात जोडले होते.

बराच वेळ काही नाही. मग…

“ए अंजू…”

भीती कुठल्या कुठं गेली. माझी आई होती ती. तिसऱ्यांदा हाक मारल्यावाचून राहिली नव्हती. मी घोंगडी टाकली, ओ द्यायला तोंड उघडलं.

आणि दाराजवळच्या पिशवीतून माझा आवाज आला. “ओ, आई. आलेच.”

हे मी कधी भरलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. माझाच आवाज, बढतीच्या आधीचा, निवांत. मी ओरडले, “आई, ती मी नाही! मी इथं आहे!” पण आतून पावलं निघाली होती. अनवाणी पावलं, फरशीवर चप चप वाजणारी. घाईची नव्हती. माझ्या अगदी शेजारून गेली, लोकरीचा वास आला आणि गेला. पिशवीपाशी जाऊन ती पावलं थांबली.

मी कशी निघाले आठवत नाही. पिशवी तिथंच राहिली. कुलूप लावलं, किल्ली लाडकाकूंच्या उंबऱ्यावर टाकली आणि तोंडही न दाखवता जीप पकडली.

पुण्यात आठ दिवस गेले. ऑफिस, लिफ्ट, फ्लॅट. ॲप परत घेतलं नाही, तरी एक वाजता मोबाईल थरथरायचा. मी बघायचे नाही. आज दुपारी कँटीनमध्ये बसले असताना थरथरला तो थांबेचना. बघितलं तर लाडकाकूंचा फोन.

“हॅलो… अंजूचाच नंबर ना हा?”

“हो काकू, बोला.”

“तू गावात कधी आली?” त्या कुजबुजत होत्या. “कुलूप तर बाहेरून हाये… अन् आत दोघी बोलून राह्यल्या. आसराबाई अन् तू. हसूनबी राह्यल्या. मी आधी दाराशी गेलेच न्हाई. रस्त्यातूनच तुला हाक मारली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मारली… तर आतून तू ओ दिली. म्हटली, येते काकू, आईला गोळी देते.”

मी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

“मंग तू घरात हाये,” लाडकाकू म्हणाल्या. आवाज आणखी खाली गेला. “तर फोनवर कोण बोलून राह्यलं?”

“मीच आहे, काकू,” मी म्हणाले. म्हटल्यावर कळलं की हेच मी आईलाही म्हटलं होतं.

फोन ठेवला नव्हता त्यांनी, श्वास ऐकू येत होता. आईचा तीन हाकांचा नियम त्यांना ठाऊक. त्या वाट बघत होत्या.

“काकू…” मी हाक मारली.

श्वास तसाच.

“काकू…”

तिसऱ्यांदा तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. कँटीनमध्ये शेजारच्या मुलीनं पाणी दिलं, पाठ चोळली. मी तोंड उघडून नुसती बसले होते. पलीकडून हळूच फोन ठेवल्याचं कळलं.

दिवसभर करून बघितलं. ऑफिसातल्या लोकांना, खाली वॉचमनला, शेवटी भिंतीकडं तोंड करून आईला. दोन हाका नीट येतात. तिसरीला घसा मिटतो.

लाइट काही येत नाही अजून. दिव्याचं तेलही संपत आलं वाटतं. काय विचारत होतात? हां, मघाशी तुमच्या दारावर. बेल बंद होती ना, म्हणून हाकच मारली. अर्पिता, अर्पिता… अशी दोनदा.

आणि तुम्ही लगेच ओ दिलीत.